वेडावाकडा जॉब लेथवर धरताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत मराठवाड्यातील कार्यशाळांतून आलेल्या पत्रांत एकच अडचण निरनिराळ्या रूपांत दिसते. जॉब (लेथवर फिरवून कापायचा तुकडा) गोल नसतो, तो चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या जबड्यांत) नीट बसत नाही, आणि कसाबसा बसवला तर फिरताना हादरतो किंवा सोडल्यावर वाकडा निघतो. यंत्राची क्षमता, टूलची धार किंवा कामगाराचा हात यांपैकी कशातच उणीव नसतानाही हे घडते. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयासाठी राखून ठेवले आहे. ज्यांच्या प्रश्नांची उत्तरे वेगळी दिलेली नाहीत, त्यांना आपले उत्तर बहुधा पहिल्याच उत्तरात सापडेल. ते मुद्दाम विस्ताराने लिहिले आहे.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये डाळ मिलच्या आणि रसवंतीच्या यंत्रांची दुरुस्ती येते. प्लमर ब्लॉक (शाफ्टचे बेअरिंग धरणारी बैठक) फुटला की गिऱ्हाईक बिडाचे (कास्ट आयर्नचे) नवे ओतकाम आणून देते. तळ मशीन केलेला असतो, बोअर (आतले गोल भोक) आम्ही करतो. ब्लॉक फोर जॉ (चार जबड्यांच्या) चकमध्ये धरून, ओतकामातल्या भोकाला डायल (सूक्ष्म फरक दाखवणारे काट्याचे गेज) लावून बोअर केला, तरी दोन ब्लॉक बसवल्यावर शाफ्ट अडकतो. बोअरचे माप दोन्हींचे बरोबर आहे. मग चूक कोठे होते? (वर्कशॉपचालक, उदगीर)

उत्तर : माप बरोबर असूनही शाफ्ट अडकतो, त्या अर्थी दोन बोअरचे मध्य तळापासून सारख्या उंचीवर नाहीत, किंवा बोअरची रेषा तळाला समांतर नाही, बहुतेक वेळा दोन्ही दोष एकत्र असतात. आपण ब्लॉक कोठे पकडता येईल हे आधी पाहिले आणि तो कोठे टेकवायचा हे नंतरवर सोडले. प्लमर ब्लॉक यंत्रावर बसतो तो तळावर. म्हणून लेथवरही तो तळावरच टेकला पाहिजे. ओतकामातले भोक वाळूच्या गाभ्याने झालेले असते, आणि ओतताना गाभा सरकलेला असू शकतो. अशा भोकाला डायल लावून बोअर केला की गाभ्याची चूक आपण मोठ्या काळजीने पुढे नेतो, एवढेच होते.

या कामाची जागा फेसप्लेट, म्हणजे चकऐवजी लेथच्या फिरत्या आसावर (स्पिंडलवर) चढवायची सपाट थाळी, ही आहे. अनेक वर्कशॉपमध्ये लेथबरोबर आलेली फेसप्लेट वर्षानुवर्षे भिंतीला टेकून गंजत असते, हे पाहून वाईट वाटते. ती काढावी, मागच्या आट्या आणि स्पिंडलचे नाक स्वच्छ पुसावे, एक कणही अडकलेला नाही याची खात्री करून प्लेट चढवावी आणि तिच्या तोंडावर डायल लावून ती डोलते का हे तपासावे. मग तिच्यावर अँगल प्लेट टी-बोल्टने बसवावी. अँगल प्लेटची एक बाजू फेसप्लेटला चिकटते आणि दुसरी फळीसारखी पुढे येते. त्या फळीवर ब्लॉकचा तळ बसवला की बोअरची रेषा आपोआप स्पिंडलच्या रेषेला समांतर होते. मात्र हे 'आपोआप' अँगल प्लेट काटकोनात असेल तरच घडते. त्यासाठी डायलचा स्टँड कॅरेजवर (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागावर) ठेवून डायलचे टोक फळीवर टेकवावे आणि कॅरेज लांबीच्या दिशेने १०० मिमी चालवावी. काटा ०.०२ मिमीपेक्षा जास्त हलला, तर अँगल प्लेटखाली शिम (पातळ पत्रा) द्यावी किंवा प्लेट स्क्रेप करून घ्यावी.

आता उंची. समजा, तळापासून बोअरच्या मध्यापर्यंत ६० मिमी हवे आहेत. स्पिंडलच्या टेपरमध्ये बसणारा एक छोटा मँड्रेल (गोल दांडा) घ्यावा आणि फेसप्लेटच्या मधल्या भोकातून पुढे आलेले त्याचे टोक जागेवरच २० मिमी व्यासाचे करून घ्यावे. त्या टोकाची त्रिज्या १० मिमी असल्याने त्याचा पृष्ठभाग आणि अँगल प्लेटची फळी यांच्यातले अंतर ५० मिमी असले पाहिजे. ५० मिमीचा एक ठोकळा अचूक करून घेऊन तो दोहोंमध्ये हलका घासून जाईल अशा बेताने अँगल प्लेट सरकवावी, बोल्ट आवळावेत, आणि आवळल्यानंतर पुन्हा एकदा ठोकळा घालून पाहावे. आवळताना प्लेट सरकते, हा नेहमीचा अनुभव आहे. मँड्रेल काढून टाकल्यावर फळीच्या मागच्या आणि बाजूच्या कडेला एकेक पट्टी बोल्ट करून ठेवावी, म्हणजे ब्लॉक प्रत्येक वेळी त्याच कोपऱ्यात येऊन टेकेल.

आणि आता आपल्या अडचणीचे खरे उत्तर : जोडीचे दोन्ही ब्लॉक याच बैठकीत, अँगल प्लेट न हलवता, एकामागून एक बोअर करावेत. एखाद वेळी उंची ६० ऐवजी ६०.०५ झाली तरी दोन्हींची तेवढीच होईल, आणि शाफ्टला तेवढेच पुरे असते. एक ब्लॉक आज आणि दुसरा चार दिवसांनी नव्याने बसवून केला, तर कितीही कुशल टर्नर असला तरी ही खात्री देता येत नाही.

क्लॅम्पविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पत्रासोबतच्या छायाचित्रात क्लॅम्पचा बोल्ट जॉबपासून दूर आणि पॅकिंगच्या जवळ दिसतो. बोल्टचा जोर क्लॅम्पच्या दोन टोकांना वाटला जातो आणि ज्या टोकाच्या जवळ बोल्ट असेल त्याला अधिक वाटा मिळतो. बोल्ट बरोबर मध्यावर असेल, तर निम्मा जोर जॉबवर येतो. जॉबपासून एक तृतीयांश अंतरावर असेल, तर दोन तृतीयांश जोर जॉबवर येतो. आपल्या छायाचित्रातला बोल्ट पॅकिंगच घट्ट धरून ठेवत आहे! पॅकिंगची उंची जॉबच्या धरण्याच्या जागेइतकी किंवा किंचित जास्त असावी, म्हणजे क्लॅम्पचे टोक जॉबवर चपखल बसते. क्लॅम्प जेथे दाबतो त्याच्या बरोबर खाली भरीव धातू टेकलेला असावा. पोकळ जागेवर दाबल्यास बीड वाकत नाही, तडकते. प्लमर ब्लॉकच्या पायांत बोल्टची भोके असतातच. त्यांतूनच बोल्ट घालून फळीवर आवळणे सर्वांत उत्तम, आणि वरून एक क्लॅम्प केवळ सुरक्षिततेसाठी असावा. आवळण्यापूर्वी पायांच्या चारही कोपऱ्यांखाली पातळ कागदाची पट्टी ठेवावी. आवळल्यावर एखादी पट्टी ओढून निघाली, तर तो कोपरा टेकलेला नाही असे समजावे. कागदामुळे घसरण्यालाही अडथळा होतो, हा जादा फायदा. ब्लॉक दोन भागांचा असेल, तर झाकण त्याच्याच बोल्टने पुरते आवळून मगच बोअर सुरू करावा.

मग तोल. फेसप्लेटच्या एका बाजूला अँगल प्लेट आणि ब्लॉक असतात, दुसरी बाजू रिकामी असते. समजा, दोन किलोचा असमतोल मध्यापासून ८० मिमीवर आहे. मिनिटाला ३०० फेऱ्यांना तो सुमारे १६ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो आणि हा ओढा प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलतो. फेरे दुप्पट केले की ओढा चौपट, म्हणजे ६४ किलोच्या आसपास होतो. बोअर लंबवर्तुळी येणे, बेअरिंग खराब होणे आणि क्लॅम्प ढिले पडणे या तिन्हींचे मूळ येथे आहे. लिव्हर न्यूट्रलला टाकून फेसप्लेट हाताने फिरवून सोडावी. जड बाजू खाली येते. समोरच्या बाजूस जुना गिअर किंवा लोखंडी चकती बोल्टने लावत जावी, आणि प्लेट कोणत्याही स्थितीत सोडली तरी तेथेच थांबेल इथपर्यंत तोल आणावा. गिअरच्या हेडस्टॉकमध्ये घर्षणामुळे लहान असमतोल लपतो, म्हणून फिरणे अगदी मोकळे वाटेल अशी लिव्हरची जागा शोधावी. तोलाचे वजनही जॉबइतक्याच काळजीने आवळावे. निसटून उडाले, तर ते जॉबइतकेच घातक ठरते.

फेरे तसेही कमीच लागतात. ८० मिमी बोअर, बीड आणि हायस्पीडचे टूल असेल, तर मिनिटाला २० ते २५ मीटर कटिंग स्पीड धरून ८० ते १०० फेरे येतात. ओतकामाची कातडी कडक असते आणि तिच्यात वाळू असते. पहिला कट कातडीच्या खाली जाईल इतका खोल, दीड-दोन मिमीचा घ्यावा. वरवर खरवडल्यास टूलची धार तत्काळ जाते. शेवटच्या कटाआधी क्लॅम्प थोडे सैल करून पुन्हा बेताने आवळावेत, डायल फिरवून पाहावा आणि जॉब थंड झाल्यावर माप घ्यावे. ६२०८ बेअरिंगचा बाहेरचा व्यास ८० मिमी असतो. त्यासाठी एच ७ बोअर (भोकाच्या मापाची ठरलेली मर्यादा) म्हणजे ८०.००० ते ८०.०३० मिमी. गरम जॉबवर घेतलेले माप या तीस मायक्रॉनपैकी बराच भाग खाऊन टाकते.

यंत्र चालू करण्याआधी फेसप्लेट हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहणे सक्तीचे समजावे. बोल्टचे टोक टूलपोस्टला किंवा बेडला लागते का, हे डोळ्यांनी दिसेलच असे नाही. आणि गळ्यातला गमछा काढून बाजूला ठेवावा. फिरत्या क्लॅम्पला गमछा आणि मान यांतला फरक कळत नाही.

प्रश्न : दोन्ही टोकांना फ्लँज असलेला ९० अंशांचा बिडाचा बेंड आहे. रोलिंग मिलच्या पाण्याच्या लाइनवर बसणार आहे. दोन्ही फ्लँजची तोंडे फेस करायची आहेत, पण अजून एकही बाजू मशीन केलेली नाही. पहिली बाजू कशी धरावी? (टर्नर, जालना)

उत्तर : येथेही अँगल प्लेटच लागते, प्रश्न फक्त पहिल्या बैठकीचा आहे. मशीन केलेला पृष्ठभाग सगळ्या अंगाने टेकू शकतो, पण ओतकामाचा कच्चा पृष्ठभाग नेहमी तीन बिंदूंवरच टेकवावा. तीन पायांचे काहीही डुगडुगत नाही. चौथा पाय आला की ते डुगडुगते किंवा क्लॅम्पने ओढून वाकवले जाते. म्हणून एका फ्लँजच्या कच्च्या तोंडाखाली, फळीवर, तीन छोटे पॅकिंग ठेवावेत. त्यांपैकी निदान एकाची उंची स्क्रूने कमीजास्त करता आली पाहिजे. क्लॅम्प त्या तीन जागांच्या बरोबर वरच लावावेत. दुसरी फ्लँज आता टेलस्टॉककडे (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे) तोंड करून असेल. तिच्या कडेला आणि पाठीला सरफेस गेजची सुई लावून ती फिरताना शक्य तितकी सारखी करावी. फ्लँजची जाडी सगळीकडे सारखी उरली पाहिजे, म्हणून कडेपेक्षा पाठ अधिक महत्त्वाची. बेंडचे पोट हवेत लटकत असेल, तर त्याच्याखाली फेसप्लेटवरून एक जॅकस्क्रू हलका टेकवावा. तो टेकू आहे. तो आवळला, तर तोच जॉब ढकलून देतो.

पहिले तोंड फेस झाले की काम सोपे होते. तेच तोंड आता फळीवर सपाट बसवावे आणि दुसरी फ्लँज फेस करावी. दोन तोंडांतला काटकोन अँगल प्लेटकडून मिळतो. फ्लँजची बोल्टची भोके फेसिंगनंतर पाडावीत, नाहीतर टूल प्रत्येक भोकावर आपटते. २०० मिमी फ्लँजला हायस्पीडच्या टूलने मिनिटाला तीसेक फेरे पुरेसे आहेत. जॉब बेडला लागत असेल तर गॅप पीस (बेडचा सुटा तुकडा) काढावा लागेल. तो काढताना खाली अडकलेला कीस पुसून, तो तुकडा कापडात गुंडाळून ठेवावा, कारण परत बसवताना एक कण जरी राहिला तरी बेडची सरळ रेष मोडते.

प्रश्न : गनमेटलची बुश (शाफ्टवर बसणारी नळी), बाहेरचा व्यास ९० मिमी, भिंत ३ मिमी. थ्री जॉमध्ये धरून बोअर करतो तेव्हा मायक्रोमीटरने माप सगळीकडे सारखे येते. सोडल्यावरही जवळपास सारखेच. पण शाफ्टवर ती तीन ठिकाणी घासते. (छोट्या कारखान्यातील टर्नर, वाळूज)

उत्तर : बुश त्रिकोणी झाली आहे, आणि दोन टोकांनी मोजणारे मायक्रोमीटर हा दोष पकडू शकत नाही. तीन जॉनी दाबल्यावर पातळ भिंत तीन ठिकाणी आत येते; त्या स्थितीत आपण गोल बोअर करतो; जॉ सोडले की भिंत मूळ जागी परत जाते आणि बोअर तीन ठिकाणी फुगतो. फुगवट्याच्या बरोबर समोर दबलेली जागा येते, त्यामुळे व्यास कोठेही मोजला तरी तो सारखाच भासतो. तीन बिंदूंचे बोअर गेज असेल तर त्याने पाहावे. नसेल, तर शाफ्टला निळा रंग पातळ लावून बुश फिरवावी. ठिपके तीन येतील.

उपाय अनेक आहेत. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे भिंत पातळ होण्याआधीच बोअर उरकणे : बार किंवा जाड पाइप धरून बोअर आणि बाहेरचा व्यास एकाच बैठकीत करावेत आणि शेवटी पार्टिंगने बुश कापावी. ते शक्य नसेल, तर सॉफ्ट जॉ (कापता येणारे मऊ जबडे) जॉबच्या व्यासाइतकेच बोअर करून घ्यावेत, तेही जॉच्या मागच्या भागात एक कडे घट्ट धरून. नाहीतर स्क्रोलचा (जॉ सरकवणाऱ्या चकतीचा) ढिलेपणा बोअरमध्ये उतरतो. जुन्या पाइपचे एका बाजूने चिरलेले कडे बुशभोवती घालून थ्री जॉमध्ये धरले तरी जोर सगळीकडे वाटला जातो. लहान वर्कशॉपसाठी मला हाच उपाय जास्त आवडतो, कारण त्याला खर्च नाही. बुश फेसप्लेटवर उभी ठेवून तिच्या कडेवरून क्लॅम्प केली, तर दाब अक्षाच्या दिशेने येतो आणि बोअर बिघडत नाही. बोअर झाल्यावर बाहेरचा व्यास करण्यासाठी मँड्रेल वापरावा. त्याचा टेपर मीटरला अर्धा मिलिमीटर, म्हणजे २००० ला १ एवढाच असतो. म्हणून बुश हाताने ढकलून आणि लाकडी हातोडीने हलकेच ठोकून बसते. जोराने ठोकल्यास ती मँड्रेलवरच फुगते.

प्रश्न : आयटीआयच्या प्रात्यक्षिकात थ्री जॉ चकच्या एका जॉखाली पॅकिंग देऊन एक्सेंट्रिक टर्निंग (जॉबचा मध्य ठरावीक अंतर, म्हणजे ऑफसेट, सरकवून कापणे) दाखवले. ऑफसेटच्या दीडपट जाडीचे पॅकिंग द्यावे असे सांगितले, पण माप जुळले नाही. (प्रशिक्षणार्थी, लातूर)

उत्तर : दीडपट हा अंदाज आहे, ऑफसेट जितका मोठा, तितका तो चुकतो. खरी जाडी अशी काढावी : ऑफसेटच्या दीडपटीतून जॉबची त्रिज्या वजा करावी, आणि त्रिज्येच्या वर्गातून ऑफसेटच्या वर्गाचा पाऊण भाग वजा करून जे उरते त्याचे वर्गमूळ त्यात मिळवावे. ५० मिमी व्यासाच्या जॉबला ५ मिमी ऑफसेट हवा असेल, तर दीडपटीने ७.५ मिमी येतात, खऱ्या गणिताने ७.१२. हे गणितही जॉ एका रेषेवर टेकतो असे मानून केलेले आहे. प्रत्यक्षात जॉला रुंदी असते, म्हणून शेवटचा निवाडा डायलचाच. ५ मिमी ऑफसेटला काटा एकूण १० मिमी फिरला पाहिजे, आणि साध्या डायल गेजचा पल्लाच १० मिमी असतो, म्हणून तो आधी दाबून ठेवायला जागा उरत नाही. अशा वेळी क्रॉस स्लाइडच्या डायलवर दोन टोकांची मापे घ्यावीत. परीक्षेपुरते पॅकिंग ठीक आहे. रोजच्या कामात मात्र फोर जॉच वापरावा : तेथे पॅकिंग निसटण्याची भीती नाही आणि शंभरावा हिस्सा इकडेतिकडे करता येतो.

प्रश्न : उसाच्या ट्रॉलीचा चौकोनी एक्सल, बेअरिंगची जागा झिजलेली, टोकाचे सेंटर (टेलस्टॉकचे टोक बसण्याचा खड्डा) पार उखडलेले. वेल्डिंग भरून टर्न करायचा आहे, पण सेंटर नसल्याने टेलस्टॉक लावता येत नाही आणि चौकोनी अंगाला स्टेडी (लांब जॉबला आधार देणारी चौकट) लागत नाही. (वर्कशॉपचालक, गेवराई)

उत्तर : हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर हे काम बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये येत असणार, म्हणून यासाठी एक कायमचे साधन करून ठेवणे परवडेल. जाड पाइपचा सुमारे १०० मिमी लांबीचा तुकडा घ्यावा, बाहेरून गुळगुळीत टर्न करावा आणि दोन्ही टोकांजवळ प्रत्येकी चार आट्यांची भोके पाडून त्यांत स्क्रू घालावेत. याला कॅट हेड म्हणतात. तो चौकोनी अंगावर सरकवून स्क्रूंनी धरायचा आणि स्टेडीचे जॉ त्याच्या गोल अंगावर टेकवायचे. एक्सलचे दुसरे टोक फोर जॉमध्ये थोडेच, वीसेक मिमी धरावे. जास्त खोल धरल्यास चक आणि स्टेडी एकमेकांशी भांडतात आणि एक्सल त्यांच्यामध्ये वाकतो.

डायल मात्र चौकोनी अंगाला लावू नये. ते अंग कधीच सरळ नसते. बेअरिंगच्या मागे सीलची जी कड असते ती सहसा झिजत नाही. तिला डायल लावून आठ स्क्रूंनी ती शून्यावर आणावी, आणि मग कॅट हेडच्या बाहेरच्या अंगाला डायल लावून पाहावे. दोन्ही एकाच वेळी जुळले नाहीत, तर सीलच्या कडेला अग्रक्रम द्यावा आणि कॅट हेडचे अंग तेथल्या तेथे टर्न करून गोल करावे. त्यासाठी त्याची भिंत आधीच जाड ठेवावी. मग स्टेडी लावावी, नवे सेंटर पाडावे, टेलस्टॉक आणावा. त्यानंतर स्टेडीची गरज उरत नाही. स्टेडीच्या जॉवर तेल सतत द्यावे. काम घेण्याआधी लेथच्या दोन सेंटरमधले अंतर मोजून पाहावे : आपल्याकडे 'सहा फुटी लेथ' म्हणतात तेव्हा ते बेडचे माप असते आणि जॉबला मिळणारी लांबी त्याहून बरीच कमी भरते.

प्रश्न : मोठ्या गिअरबॉक्सच्या बिडाच्या पेटीत समोरासमोर दोन बेअरिंगच्या जागा एका रेषेत बोअर करायच्या आहेत. पेटी फेसप्लेटवर फिरणे शक्य नाही, ती बेडला लागते. जिल्ह्याच्या गावी बोअरिंग मशीन आहे, पण तेथे नंबर लागायला वेळ लागतो. (परतूर)

उत्तर : जॉब फिरलाच पाहिजे असा नियम नाही. इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्सन यांनी १७७५ च्या सुमारास जेम्स वॅट यांच्या वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर बोअर करताना हीच युक्ती केली : सिलिंडर स्थिर ठेवला, त्यातून आरपार जाड बार नेला, बारला दोन्ही टोकांना आधार दिला आणि बारवरचे टूल फिरवले. आपल्या लेथवर ही सोय आहे. टॉप स्लाइड आणि टूलपोस्ट काढून टाकावेत आणि पेटी थेट क्रॉस स्लाइडवर पॅकिंग देऊन बसवावी. दोन सेंटरमध्ये बार लावून तो कॅरियरने (बारला आवळून त्याला फिरवणाऱ्या पकडीने) फिरवावा. बारच्या मध्याजवळ आडव्या भोकात चौकोनी टूल बिट बसवून मागून स्क्रूने पुढे सरकवण्याची व्यवस्था करावी. फीड कॅरेजची, म्हणजे पेटी टूलकडे सरकते. दोन्ही भिंतींच्या पलीकडे टूल जाईल इतकी बारची लांबी हवी. साधारणपणे पेटीच्या लांबीच्या दुपटीहून थोडी जास्त.

बार बसेल तितका जाड घ्यावा, आणि टूलचे माप बारवरूनच घ्यावे. बार ३० मिमी आणि बोअर ६२ मिमी हवा असेल, तर टूलच्या टोकापासून बारच्या विरुद्ध बाजूपर्यंत मायक्रोमीटरने ४६ मिमी आले पाहिजेत : बारची निम्मी जाडी १५ आणि बोअरची त्रिज्या ३१. टूल ०.१ मिमी पुढे काढले, तर बोअर ०.२ मिमी वाढतो, हे विसरून शेवटच्या कटात जॉब वाया घालवणारे पुष्कळ आहेत. सुरू करण्याआधी टेलस्टॉकचे सेंटर हेडस्टॉकशी जुळलेले आहे का, हे बारवर डायल चालवून पाहावे. येथे दोन्ही बोअर एकाच बारवर होत असल्याने ते एकमेकांशी सरळ राहतील, पण टेलस्टॉक बाजूला असेल तर दोन्ही थोडे लंबवर्तुळी येतील. शिवाय पेटीच्या तळाशी समांतरता पॅकिंगवर अवलंबून आहे, म्हणून चारही पॅकिंग एकाच वेळी सरफेस ग्राइंडरवर किंवा निदान एकाच बैठकीत फेस करून घ्यावेत.

प्रश्न : एक मिमी जाडीची पितळी चकती, व्यास ६० मिमी. कडा टर्न करायच्या आहेत. जॉमध्ये धरली की चुरगळते. (अंबाजोगाई)

उत्तर : सोनार नाजूक दागिना लाखेत बसवून त्यावर काम करतो, तीच लाख येथे चालते. चकमध्ये लोखंडाचा एक गोल तुकडा धरून त्याचे तोंड फेस करावे, त्यावर लाख वितळवून चकती चिकटवावी आणि टेलस्टॉककडून एका लाकडी गुटक्याने दाबून थंड होऊ द्यावी. एकसारख्या अनेक चकत्या असतील, तर त्या दोन लोखंडी चकत्यांमध्ये थप्पी करून टेलस्टॉकच्या फिरत्या सेंटरने दाबून एकदमच टर्न कराव्यात. लाखेची गरजच पडणार नाही. टूल अतिशय धारदार, पुढचा कोन पितळेसाठी शून्य अंश, आणि कट हलका ठेवावा. चकती सोडवताना लोखंडाचा तुकडा मागून तापवावा, चकतीला थेट ज्योत लावू नये. पितळाचा रंग उडतो आणि एवढी पातळ चकती तापून वाकतेही.